गुरुवारच्या फाइली

विक्रोळी, पार्कसाइट
बुधवार

प्रिय शुभा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी हसली असशील. विक्रोळी आणि मुलुंड यांच्यामध्ये तीन स्टेशनं, आणि हा बाळा कुरियरने पत्र पाठवतोय. फोन करायचं तीनदा ठरवलं गं. पण तू पलीकडून "बोल रे" म्हणालीस की मी प्लास्टरबद्दल बोलतो, प्रबुद्धच्या शुगरबद्दल बोलतो आणि फोन ठेवतो. समोर येऊन सांगायचं म्हटलं तर तुझा चेहरा बघावा लागेल. म्हणून कागद घेतला. हे सलग वाच. मध्येच फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

आधी तुझ्या आईची, सुगंधाकाकूंची खबर देतो. परवा भटवाडीला जाऊन आलो. मनगटाचं प्लास्टर काढलंय, पण बोटं अजून नीट वळत नाहीत. भाकरी थापता येत नाही म्हणून चिडल्या होत्या. बाथरूममध्ये पडल्यापासून शेजारच्या सकाळ-संध्याकाळ डोकावतात, तेवढाच आधार. एक्याऐंशी वर्षांची बाई एकटी राहते आणि मला चहा करून देते, कप डाव्या हाताने उचलून. तो चहा मी तसाच ठेवून आलो. का, ते पुढे लिहितो.

तुझ्या लग्नाच्या दिवसापासून सुरुवात करतो, कारण तिथून सगळं सुरू झालं. रजिस्टरवर तुझ्या बाजूने सही करणारा मी एकटाच होतो. प्रबुद्धच्या घरून पंधरा माणसं आली होती, त्याच्या आईने माझ्याही हातात पेढा ठेवला होता. संध्याकाळी तुम्ही दोघं तुझ्या वडिलांच्या, दत्तारामकाकांच्या पाया पडायला आलात, तेव्हा मी आमच्या समोरच्या गॅलरीत उभा होतो. काका दाराच्या चौकटीत उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. प्रबुद्धकडे बघितलंसुद्धा नाही. "आमच्यात हे चालत नाही. मला मुलगी नाही," एवढं म्हणाले आणि दार लावलं. सगळ्या चाळीने ऐकलं. तू जिना उतरताना मागे बघितलं नाहीस. मी मात्र दाराकडेच बघत होतो. ते दार त्या दिवशी रात्रीपर्यंत उघडलं नाही, दूधवाल्यालाही नाही.

वर्षभर काका माझ्याशीही बोलले नाहीत. मी साक्षीदार ना. मग गिरणीचं उरलंसुरलं कामही संपलं. तीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढली होती. कोण कधी आत आला, कोण कधी बाहेर गेला, हे लिहिण्यात आयुष्य गेलेला माणूस. नुसता घरी बसला की काकूंच्या मागे लागायचा, कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळा सांगायचा. मी तेव्हा घाटकोपरला कॉम्प्युटर क्लासात शिकवत होतो. एक दिवस काका क्लासच्या दारात, इस्त्रीचा शर्ट, हातात कोरी वही. म्हणाले, "बाळा, माका ह्यां शिकव." पन्नाशी उलटलेला माणूस बावीस वर्षांच्या पोरांमध्ये बसून शिकला. एका बोटाने, पण चूक नाही. मग माझ्याबरोबर लॅमिंग्टन रोडला येऊन एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला, ४८६ म्हणायचे त्या मॉडेलला. त्याच्यात मराठीसाठी वेगळं कार्ड बसवून घेतलं, त्या काळात त्याशिवाय पडद्यावर देवनागरी दिसत नसे. काय लिहिता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "हिशेबाचं नाय. आपलं असंच." तुझ्याबद्दल त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. एवढंच विचारायचे, "मुलुंडला तुझं काम असतं काय रे हल्ली?" मी हो म्हटलं की नुसती मान हलवायचे.

काका गेले तेव्हा तू आलीस, पण गल्लीच्या तोंडाशी उभी राहिलीस, वर चढली नाहीस. तेराव्यानंतर काकूंनी तुला बोलावून तो कॉम्प्युटर दिला. म्हणाल्या, ह्यात ते काहीतरी लिहायचे, मला वाचता येत नाही हे यंत्र, बाळाला दाखव. तू तो रिक्षात मांडीवर घेऊन माझ्या गाळ्यावर आलीस. वर काकूंच्या जुन्या साडीचा तुकडा झाकलेला. टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "माझं नाव असेल कुठे तर सांग. शिवी असली तरी चालेल." नंतर हसलीस, पण ते हसणं मला आवडलं नव्हतं.

माझं काम तुला ढोबळ माहीत आहे. आमच्या या इंडस्ट्रियल इस्टेटीत आणि साकीनाक्यापर्यंत अजून कितीतरी मशिनं जुन्या कॉम्प्युटरवर चालतात. कुठे भरतकामाचं, कुठे पत्रा कापायचं, कुठे लॅबमधलं. मशीन ठणठणीत, पण कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क म्हातारी होते. आत तबकडी फिरते, एक दिवस ती खरवडल्यासारखा आवाज करायला लागते आणि मग बंद. तशी नवी डिस्क आता मिळत नाही. त्यावर तोडगा म्हणजे जुन्या कॅमेऱ्यात घालायचं ते फ्लॅश मेमरी कार्ड, काडेपेटीएवढं. त्याला एक छोटं अडॅप्टर लावून आत बसवलं की जुन्या कॉम्प्युटरला ती आपली हार्ड डिस्कच वाटते. फिरणारं काही नाही, आवाज नाही, गरम होणं नाही. फक्त जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं कार्डावर उतरवून घ्यायचं. मी अशी दोनशेच्या वर कामं केली होती. लोक मला डॉक्टर म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तुझं काम मी शनिवारी सकाळी हातात घेतलं. तू चार वाजता येणार होतीस. कॉम्प्युटर उघडला, धूळ झटकली, वीज दिली. शुभा, मी तुला सांगितलं होतं की डिस्क आधीच मेलेली होती. ते खोटं होतं. ती चालू झाली. कण्हली, दोनदा अडकली, पण चालू झाली.

पडद्यावर फाइलींची यादी आली. सातशेच्या वर. त्या जुन्या पद्धतीत नावाला आठच अक्षरं मिळायची, आणि काकांनी प्रत्येक फाइलीला तारीख दिलेली. दिवस, महिना, वर्ष, बरोबर आठ आकडे. अठ्ठ्याण्णव सालापासून २०१६पर्यंत. म्हणजे त्यांचे गुडघे गेले तोपर्यंत. मी डोळे मिटून बोट ठेवावं तशी एक उघडली. ९ डिसेंबर २००४. ती मी तुला इथे लिहून देतो. त्या दिवसापासून रोज मनात म्हणतोय, तरी एखादा शब्द इकडेतिकडे झाला असेल. मी तेव्हा उतरवून घेतली नाही. सगळंच आता कार्डावर येणार आहे, मग कशाला, असं वाटलं.

"गुरुवार. ५.१५ मुलुंड. शाळेसमोर केमिस्टच्या बाजूला उभा. ५.४२ शाळा सुटली. ५.४६ शुभा बाहेर. हिरवी साडी. जड पिशवी, डाव्या खांद्यावर. सोबत अक्षता. मुलगी उजवा पाय घासत चालते, बुटाचा तळ सुटला असावा. शुभाच्या लक्षात नाही. ५.५१ रस्ता ओलांडला. दोन रिक्षा थांबल्या नाहीत. ५.५८ वळणावर दिसेनाशी. हाक मारली नाही. ७.१० घरी. सुगंधाला सांगितलं, औषध मिळालं नाही."

एवढंच. तुझी अक्षता तेव्हा दुसरीत असेल. तिचं नाव त्यांना कोणी सांगितलं, मला माहीत नाही. मी नाही सांगितलं.

मी खुर्चीत बसूनच राहिलो. मग यादीतल्या तारखा कॅलेंडरशी ताडून बघितल्या, पाच-सहा. सगळे गुरुवार. आधी मी रडलो आणि नंतर मला घाई झाली. हीच ती चूक, बाकी सगळं तिच्या मागून आलं. मला वाटलं, चार वाजता तू येशील तेव्हा हा कॉम्प्युटर नवं कार्ड घालून झकास चालू असला पाहिजे. तुला खुर्चीत बसवायचं, पहिली फाइल उघडायची आणि आपण गाळ्याबाहेर जाऊन उभं राहायचं. माझ्या डोक्यात ते चित्र पूर्ण तयार होतं. डिस्क कण्हत होती, कधीही बंद पडेल अशी भीतीही होती. एरवी मी अशा डिस्कची आधी एक प्रत दुसरीकडे काढून ठेवतो. त्या दिवशी ठेवली नाही.

डिस्क काढून माझ्या कामाच्या कॉम्प्युटरला लावली, शेजारी कोरं कार्ड लावलं. नेहमी जुनी डिस्क एक नंबरला आणि कार्ड दोन नंबरला असतं. त्या दिवशी केबल आखूड पडली म्हणून मी दोन्हींच्या जागा बदलल्या. स्वतःच्या हाताने बदलल्या, शुभा. प्रोग्रामने विचारलं, एकवरून दोनवर सगळं उतरवू का? दोनवर जे आहे ते पुसलं जाईल. हो की नाही? दोनशे वेळा दिलेलं उत्तर मी दिलं. हो.

सात मिनिटं लागली. मी समोर बसून टक्के वाढताना बघत होतो. त्या सात मिनिटांत मी कोरं कार्ड काकांच्या डिस्कवर उतरवत होतो, आणि खूश होतो. शेवटी पडद्यावर आलं, कॉपी यशस्वी झाली. कार्ड ४८६मध्ये घातलं, पडदा काळा. वाटलं, कार्डाची काहीतरी गडबड असेल. जुनी डिस्क परत लावली. ती फिरली, नेहमीसारखी कण्हली, आणि पडदा काळाच. मग माझी नजर टेबलावरच्या केबलकडे गेली. मी फरशीवर बसलो. बाहेर पलीकडच्या गाळ्यात कोणीतरी ग्राइंडर चालवत होतं, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तू चारच्या आधीच आलीस. प्रबुद्ध खाली गाडी लावत होता. तू दारातच थांबलीस, आत यायला घाबरल्यासारखी. माझ्याकडे बघितलंस. आणि मी म्हणालो, "डिस्क आधीच गेली होती गं. काहीच निघालं नाही." ते वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं आणि एकदा आल्यावर मागे घेता आलं नाही. तू पुढे येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "जाऊ दे रे बाळा. त्यांनी माझ्यासाठी काही ठेवलं असेल असं मला तरी कुठे वाटत होतं? बरं झालं, शोधायचं संपलं." असं म्हणून तूच माझी समजूत काढलीस. वर येऊन प्रबुद्धने माझे आभार मानले. मला त्याच वेळी मरण आलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी मी ती डिस्क घेऊन अंधेरीला एकाकडे गेलो, मग आणखी एकाकडे. दोघांनी एकच सांगितलं. पडलेली आणा, जळलेली आणा, पाण्यात बुडालेली आणा, प्रयत्न करू. पण ज्याच्या वरून दुसरं लिहिलं गेलंय ते परत येत नाही. मी विचारलं, वरून लिहिलं न गेलेला शेवटचा थोडा भाग तरी? तर डिस्क कधी अर्धीसुद्धा भरली नव्हती. काकांचं सगळं लिखाण सुरुवातीच्या भागात होतं, बाकी आधीपासूनच मोकळं होतं. अठरा वर्षांचे गुरुवार, सातशेच्या वर. त्यातला मी एक वाचला. बाकीच्यांत काय होतं, हे आता या जगात कोणालाच माहीत नाही. तुझ्या कोणकोणत्या साड्या होत्या, अक्षता कधी पडली, कधी तू एकटीच रडत चालली असशील. एखाद्या गुरुवारी त्यांनी हाक मारायचं ठरवलंही असेल. कुठे तुझी माफी मागितली असेल. मागितली नसेलही. मला कल्पनेने काही भरायचं नाही, तो अधिकार मला नाही.

त्यानंतर मी हे काम सोडलं. तू विचारलंस तेव्हा डोळ्यांचं कारण सांगितलं होतं, तेही खोटं. गिऱ्हाईक डिस्क घेऊन येतं, मी केबल लावतो, पडद्यावर हो की नाही येतं, आणि माझं बोट पुढे जात नाही. दोन-तीनदा गिऱ्हाइकाला बाजूला बसवून ठेवून शेवटी परत पाठवलं. आता गाळ्यावर जातो, शटर अर्धं वर करतो आणि बसतो. मालनला वाटतं, साठी जवळ आली म्हणून मी थकलो. बायको असून तिलाही सांगितलेलं नाही. ती कधी कधी जेवताना माझ्याकडे बघत राहते, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवतो. तीन वर्षं झाली. वेळ गेला की ओझं हलकं होतं म्हणतात, माझं तर वाढतच गेलं. तू दर दिवाळीला माझ्यासाठी चकल्या पाठवतेस. मी त्या खात नाही, गाळ्याच्या वॉचमनला देतो.

इतकी वर्षं गप्प बसलो तर पुढेही बसलो असतो. तेवढा भित्रा मी आहे. पण परवा सोमवारी तुझा फोन आला. काकू तुझ्याकडे राहायला तयार झाल्यात, फक्त काकांचा फोटो बरोबर आणीन म्हणतात, आणि तू नाही म्हणालीस. तू मला म्हणालीस, "ज्या माणसाने सत्तावीस वर्षांत माझ्याकडे एकदा वळून बघितलं नाही, त्याला मी माझ्या भिंतीवर लावू? आईला सांग, तू ये, फोटो नको." मी "बरं" म्हणालो. लगेच भटवाडीला जाऊन काकूंना तसंच्या तसं सांगितलंही. काकूंनी ऐकून घेतलं, भरलेली पिशवी उघडली आणि साड्या एकेक करून परत कपाटात ठेवल्या, एका हाताने. मग मला चहा केला. त्या एकट्या राहणार आहेत, पुन्हा पडणार आहेत, आणि त्याला कारण मी आहे. म्हणून हे पत्र. मी काकांची वकिली करत नाही. रस्त्याच्या पलीकडून बघत राहणं पुरेसं नव्हतं, त्यांनी हाक मारायला हवी होती, प्रबुद्धपुढे हात जोडायला हवे होते. फोटो लाव असंही मी म्हणत नाही. पण त्यांनी वळून बघितलं नाही, हे खरं नाही, आणि ते खरं नाही हे तुला कळायचा एकमेव पुरावा माझ्या हातून गेला. आता माझ्या शब्दाशिवाय तुझ्याकडे काही नाही, आणि माझ्या शब्दाची किंमत तुला आत्ता कळली आहे. तरी जे वाचलं ते लिहिलंय. काकूंना यातलं काहीच माहीत नाही, सांगायचं की नाही ते तू ठरव. रविवारी दुपारी मी त्यांची औषधं द्यायला भटवाडीला जाणार आहे. तू तिथे आलेली दिसलीस, तर पिशवी खाली वाण्याकडे ठेवून मी परत फिरेन. वर येणार नाही.

अजूनही तुझाच म्हणवून घ्यायची हिंमत करणारा,
बाळा